क्वेक २ चा जुना मेनू आणि इंट्रो परत आणणारा फॅन पॅक: बरेच महिने वापरल्यावर

क्वेक २ या १९९७ च्या शूटिंग गेमसाठीचा हा पॅक बरेच महिने वापरतोय आणि एकंदरीत खूश होतो, म्हणून लिहायचं राहूनच गेलं होतं. पण परवा त्याची नवीन व्हर्जन टाकली, नवा गेम सुरू केला, इंट्रो चालू झाला आणि पॉड (सैनिकांना ग्रहावर उतरवणारी कुपी) सुटायच्या आधीच माझं डोकं फिरलं. सगळं कसं गुळगुळीत सरकत होतं, टीव्हीवरच्या मालिकेसारखं. मूळ फ्रेम्सच्या मधेमधे कॉम्प्युटरकडून नवीन फ्रेम्स बनवून घातल्यात आणि व्हिडिओ साठ फ्रेमचा करून टाकलाय. नोट्समध्ये काय, तर एक ओळ, 'व्हिडिओ सुधारले'. अरे पण सुधारायला कोणी सांगितलं होतं? पॅकच्या नावातच जुनं परत आणतो असं आहे, मग जुनं द्या ना.

क्वेक २ चे सगळे व्हिडिओ सेकंदाला १४ फ्रेमचे आहेत. हे काही कोणाच्या आठवणीतलं नाही, इंजिनच्या कोडमध्येच तो आकडा लिहिलेला आहे. डिसेंबर २००१ मध्ये आयडीने, म्हणजे गेम बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरने, सोर्स कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला केला, कोणीही उघडून बघू शकतं. किती वेळ गेला ते मोजायचं, त्याला १४ ने गुणायचं आणि त्या नंबरची फ्रेम दाखवायची, इतकं सरळ काम आहे. चित्र ३२० बाय २४०, एका वेळी २५६ रंग, आणि आवाजाचा तुकडासुद्धा प्रत्येक फ्रेमला बांधलेला. ज्या लोकांनी १९९७ मध्ये तो इंट्रो बनवला त्यांनी १४ फ्रेम डोळ्यासमोर ठेवूनच बनवला असणार ना. कॅमेऱ्याचे झटके, स्फोटाचा पहिला लख्ख पांढरा, पॉड हलतो ते, हे सगळं त्या तुटक चालीवर बसवलेलं आहे. मधे फ्रेम घातल्या की स्फोट भडकत नाही, हळूहळू उमलतो. आणि जिथे एक शॉट तुटून दुसरा सुरू होतो तिथे सॉफ्टवेअरला कट कळतच नाही, ते दोन्ही चित्रं एकमेकांत वितळवतं. मी थांबवून थांबवून बघितलं, पॉडच्या आतल्या सीनमधून बाहेरच्या सीनवर जाताना मधल्या एका फ्रेमवर सैनिकाचा चेहरा आणि ग्रह एकात एक मिसळलेत. मूळ व्हिडिओत अशी फ्रेम कधी नव्हतीच. ती कोणी काढली नाही, कोणी मंजूर केली नाही, आणि आज नवीन माणूस बघेल तर त्याला वाटेल क्वेक २ चा इंट्रो असाच होता.

आता कोणी म्हणेल की एवढ्याशा इंट्रोसाठी एवढं काय, एस्केप दाबा आणि खेळा. पण या गेममध्ये इंट्रो नसला की गोष्टच नसते. स्ट्रॉगॉस या शत्रूच्या ग्रहावर उतरताना पॉड्स एकमेकांना घासतात, बिटरमनचा, म्हणजे आपण खेळतो त्या सैनिकाचा, पॉड भरकटतो आणि तो बाकीच्या फौजेपासून तुटून भलतीकडेच पडतो, हे सगळं गेममध्ये फक्त त्या व्हिडिओत आहे. पहिल्या लेव्हलला शेजारी आपटलेला पॉड दिसतो, रेडिओवर बाकीच्यांचे आवाज येत असतात, ते कशामुळे हे व्हिडिओ बघितल्याशिवाय कळत नाही. आणि कितीतरी लोकांनी तो कधी बघितलेलाच नाही, ते का तेही सांगतो. व्हिडिओच्या फाईल्स मूळ गेमच्या मुख्य पॅक फाईलमध्ये नव्हत्याच, वेगळ्या फोल्डरमध्ये होत्या. लहान इन्स्टॉल केलं की त्या सीडीवरच राहायच्या, आणि एकाकडून दुसऱ्याकडे गेम कॉपी होताना जागा वाचवायला पहिलं तेच फोल्डर उडायचं. इंजिन मात्र कुठेच तक्रार करत नाही. फाईल सापडली नाही की व्हिडिओ संपला असं धरून गपचूप पुढची लेव्हल सुरू. एरर नाही, काळी स्क्रीन नाही, काही नाही. त्यामुळे लोकांना आपल्याकडे काही कमी आहे हेच माहीत नाही! प्रत्येक युनिट (काही लेव्हल्सचा गट) संपल्यावरच्या छोट्या क्लिप्सचं पण तेच. त्या असतात हेच कितींना ऐकूनही माहीत नसेल.

म्हणून हा पॅक मुळात फार कामाचा आहे आणि त्याचं श्रेय मी काढून घेणार नाही. पहिली व्हर्जन टाकली तेव्हा सुरुवातीचा आयडीचा लोगो, इंट्रो, युनिटच्या क्लिप्स आणि शेवट, सगळं जिथल्या तिथे वाजलं. बाकीच्या रिस्टोरेशनवाल्यांना इथेच जमत नाही, लोगो आणि इंट्रो देतात आणि मधल्या क्लिप्स विसरतात.

मेनूबद्दल तर बोलावं तेवढं थोडं. मी आधी एक एचडी टेक्स्चर पॅक वापरायचो. भिंती बऱ्या दिसायच्या, पण त्याने मेनूची चित्रं पण बदलून टाकली होती, चकचकीत धातूची अक्षरं आणि कर्सरच्या जागी कसलासा निळा गोळा. हे कसं होतं तर नवीन सोर्स पोर्ट्समध्ये (खुल्या कोडवरून लोकांनी बनवलेली गेमची नवी इंजिनं) जुन्या चित्राच्या नावाची मोठी फाईल ठेवली की तीच उचलली जाते, मग टेक्स्चर बनवणाऱ्याला वाटतं मेनूही करून टाकू. या पॅकने मूळ चित्रं परत बसवली. मूळ कर्सर म्हणजे ते फिरणारं क्वेकचं चिन्ह, त्याची एकूण १५ चित्रं आहेत, दर १०० मिलिसेकंदाला पुढचं येतं, म्हणजे दीड सेकंदात एक फेरा. गेमवर, मल्टिप्लेअरवर, ऑप्शन्सवर, जिथे जाल तिथे निवडलेल्या शब्दाचं उजळलेलं चित्र येतं आणि डावीकडे ते चिन्ह आपल्या गतीने फिरत राहतं. आवाज फक्त तीन, आत जायचा, वरखाली हलायचा, बाहेर यायचा. बस. पॅकवाल्यांनी ते १०० मिलिसेकंद तसेच ठेवलेत, चित्रं मोठी केलीत पण पिक्सेल पुसट न करता, पूर्ण पटीत. मूळ गेममध्ये रिझोल्युशन वाढवलं की मेनू बोटभर व्हायचा, कारण चित्रं जेवढी होती तेवढीच काढली जायची. ती अडचण गेली आणि रूप तसंच राहिलं. खरंच सांगतो, कित्येकदा नुसता मेनू उघडून वरखाली केलंय. इतकं नीट काम आहे ते.

आणि म्हणूनच राग जास्त येतो. ज्या टीमला कर्सरचे १०० मिलिसेकंद सांभाळायचं कळतं, त्यांना व्हिडिओच्या १४ फ्रेम सांभाळायचं का कळू नये?

अजून एक त्रास, आणि हा तांत्रिक आहे. साठ फ्रेमचा व्हिडिओ जुन्या सिन फॉरमॅटमध्ये (मूळ गेमच्या व्हिडिओ फाईल्सचा प्रकार) चालणारच नाही, इंजिन तो १४ च्या चालीने वाजवेल, म्हणून पॅकसोबत त्यांचं स्वतःचं एक्झी (गेम चालवणारी फाईल) येतं जे ओजीव्ही या दुसऱ्या प्रकारचे व्हिडिओ वाजवतं. ते आधी ओजीव्ही शोधतं, मिळाली की सिनकडे बघतच नाही. म्हणजे माझ्या फोल्डरमध्ये सीडीवरून काढलेल्या मूळ फाईल्स व्यवस्थित पडलेल्या आहेत आणि गेम त्यांना हातही लावत नाही. वर डाउनलोडचा आकार बघा, नुसत्या व्हिडिओंनी पॅक आधीच्या कितीतरी पट फुगलाय. ज्याच्याकडे डेटा मोजून मापून वापरायचा असतो त्याने ३२० बाय २४० च्या क्लिप्ससाठी एवढं का उतरवायचं? मूळ फाईल्स तर त्याच्याकडे असतातच, किंवा असायला पाहिजेत.

मी त्यांना लिहिलं. नीट लिहिलं, शिव्या नाही घातल्या. म्हटलं साठवाले ठेवा पण एक पर्याय द्या. उत्तर आलं की आजच्या स्क्रीनवर १४ फ्रेम अडखळल्यासारख्या दिसतात आणि बहुतेकांना नवीनच आवडलंय. मी परत लिहिलं की अडखळत दिसतं ते तसंच आहे म्हणून दिसतं, आणि बहुतेकांनी मूळ बघितलेलंच नाही तर आवड कशावरून ठरवली? त्यावर बरेच दिवस काही नाही.

(इथपर्यंत लिहून ठेवलं होतं, पोस्ट करायच्या आधी पॅकची अजून एक व्हर्जन आली, म्हणून पुढचं वेगळं लिहितोय. वरचं खोडत नाही, कारण जुनी व्हर्जन अजून बऱ्याच ठिकाणी फिरतेय.)

तर आता व्हिडिओ वेगळ्या फाईलमध्ये काढलेत. मुख्य पॅकमध्ये फक्त मेनू आणि बाकीच्या दुरुस्त्या, व्हिडिओ हवे असतील तर वेगळे उतरवा, आणि ऑप्शन्समध्ये एक ओळ आलीय, मूळ आधी की नवीन आधी. मूळ निवडलं की माझ्याच फोल्डरमधली सिन वाजते. चौदाच्या चौदा. स्फोट परत भडकला. नवीन व्हिडिओंमध्ये पण एक तिसरा प्रकार दिलाय, मोठं केलेलं चित्र पण फ्रेम्स १४च, आणि हे कबूल करायला हवं की तो प्रकार मला आवडला. २५६ रंगांमुळे अंधाऱ्या भागात जे ठिपके यायचे ते तसेच ठेवलेत, फक्त कडा जरा स्वच्छ. मोठ्या स्क्रीनवर लांबून बघायचं असेल तर मी तोच लावतो. म्हणजे माझा विरोध मोठं करण्याला कधी नव्हताच, चाल बदलण्याला आहे, आणि ते आता बंद करता येतं. साठवाला मात्र इन्स्टॉल केल्यावर आपोआप निवडलेला येतो, ते अजूनही चूकच आहे. डिफॉल्टला मूळच हवं, कारण बहुतेक लोक ऑप्शन्समध्ये जातच नाहीत.

एक जुना मुद्दा राहिला, ताणलेलं चित्र. मूळ इंजिन व्हिडिओ सरळ पूर्ण स्क्रीनभर ताणतं, तेव्हा सगळे मॉनिटर ४:३ होते म्हणून कोणाला कळलं नाही, आज रुंद स्क्रीनवर आयडीचा लोगो आडवा पसरतो आणि सैनिकांची तोंडं चपटी होतात. यामागी क्वेक २ या सोर्स पोर्टने हे केव्हाच सोडवलंय, त्यात सिन_फोर्स४३ म्हणून सेटिंग आहे आणि ते मुळातच चालू असतं, बाजूला काळ्या पट्ट्या येतात आणि चित्र बरोबर दिसतं. या पॅकच्या एक्झीमध्ये आहे पण बंद असतं, कन्सोलमधून चालू करावं लागतं. पॅक टाकल्या टाकल्या पहिलं ते करा.

बाकी गेम्सशी तुलना करायची तर हाफ-लाइफवाल्यांचं नशीब चांगलं, २५ वर्षं झाली म्हणून नोव्हेंबर २०२३ मध्ये वाल्व्हनेच जुन्या धाटणीचा मेनू आणि जुना लोगो व्हिडिओ अधिकृत अपडेटमध्ये परत दिला, तोपर्यंत वर्षानुवर्षं फॅन लोकच ते काम करत होते. डूम २ चं उलटं झालं, २०१२ च्या डूम ३ बीएफजी एडिशनसोबत आलेल्या डूम २ च्या वॅडमध्ये (गेमची मुख्य डेटा फाईल) सुरुवातीचं टायटल चित्रच नाही, चॉकलेट डूमसारख्या पोर्टला त्याजागी दोन लेव्हलच्या मधे येणारं चित्र दाखवून वेळ मारून न्यावी लागली. ज्याच्याकडे फक्त तीच एडिशन आहे त्याला जुनं टायटल फॅन पॅचमधूनच मिळतं. कंपनी एखादं चित्र काढते, बदलते, विसरते, आणि ते कसं होतं हे सांगणारी शेवटची फाईल कोणातरी फॅनच्या पॅकमध्ये उरते. मग त्या पॅकमध्ये काय जातं याला किती महत्त्व आहे ते बघा. आज कोणी साठ फ्रेमचा इंट्रो मूळ म्हणून वाटला, तर दहा वर्षांनी तोच मूळ म्हणून सगळीकडे असेल.

आत्ता माझी मांडणी अशी आहे: मुख्य पॅक, नवीन व्हिडिओंपैकी फक्त १४ फ्रेमवाला मोठा इंट्रो घेतला, बाकी क्लिप्स माझ्या सीडीवरच्या, मूळ आधी हा पर्याय चालू, ४:३ चालू, आणि जुना एचडी पॅक पूर्ण काढून टाकला. पॅक फाईलचं नाव बदलू नका, क्रम नावावर ठरतो आणि नंतर लोड झालेली फाईल आधीच्याला झाकते, दुसरे मोड (गेम बदलणारे इतर पॅक) असतील तर मेनू अर्धा जुना अर्धा नवा असा होतो. बाहेर पडताना जे क्विटचं चित्र येतं ते मात्र अजून मोठं करून पुसट केलेलंच आहे, मेनूच्या बाकी चित्रांसारखं पूर्ण पटीत नाही. त्याबद्दलही लिहिलंय त्यांना, अजून उत्तर आलेलं नाही.