चार रविवार, बारा तास: डोंबिवलीतील एका स्वसंरक्षण वर्गाचे परीक्षण

मार्च महिना आला की कार्यालयांतून आणि महाविद्यालयांतून महिलांसाठी दोन तासांची स्वसंरक्षण शिबिरे भरतात. अशी तीन शिबिरे मी आजवर केली. प्रत्येक वेळी प्रशिक्षकाने व्यासपीठावर आपल्याच विद्यार्थ्याला आपटून दाखवले, आम्ही टाळ्या वाजवल्या, प्रमाणपत्र घेऊन घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी त्यातले काहीही हातात उरले नव्हते. त्यामुळे डोंबिवलीतील एका शाळेच्या सभागृहात सलग चार रविवार, दर वेळी तीन तास चालणाऱ्या वर्गात नाव नोंदवताना माझी अपेक्षा बेताचीच होती. शुल्क अठराशे रुपये होते आणि आम्ही बावीस जणी होतो. सर्वांत धाकटी अकरावीत शिकणारी, सर्वांत मोठी एकसष्ट वर्षांची निवृत्त शिक्षिका. संस्था लहान आहे आणि काही उणिवा मी तिला लेखी कळवल्या आहेत, म्हणून तिचे नाव येथे देत नाही.

पहिल्या रविवारी कोणी हात उचलला नाही की पाय. प्रशिक्षिकेने प्रत्येकीला एक चिठ्ठी दिली आणि कोणत्या प्रसंगाची सर्वांत जास्त भीती वाटते ते लिहायला सांगितले. जवळजवळ सर्व चिठ्ठ्यांत अंधारा रस्ता, निर्मनुष्य पूल आणि अनोळखी माणूस निघाला. त्यानंतर त्यांनी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे दिसणारी गोष्ट समोर ठेवली: नोंदल्या गेलेल्या बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, वरिष्ठ. एवढे मान्य केले की प्रशिक्षणाचा रोखच बदलतो, कारण घरी सोडतो म्हणून गाडीचे दार उघडून उभ्या राहिलेल्या साहेबांच्या नाकावर पहिल्याच क्षणी तळहात मारता येत नाही. तिथे आधी स्पष्ट नकार द्यावा लागतो.

हा नकार देण्याचा सराव हाच माझ्या मते या वर्गाचा सर्वांत मोलाचा भाग आहे. हसू न आणता, माफी न मागता आणि कारण न देता ‘मला हे नको आहे, हात काढा’ एवढेच म्हणायचे होते. ऐकायला सोपे वाटते. पण बावीसपैकी निम्म्या जणींच्या तोंडून ‘नको हो, उगाच कशाला’ असेच बाहेर पडले. त्यात मीही होते. समोरच्याला वाईट वाटू नये याची आम्हाला लहानपणापासून एवढी सवय लावलेली असते की नकारालाही आपण साखर लावतो. याच सत्रात एक बारकावा कळला, जो मला पूर्वी कोणीही सांगितला नव्हता. सार्वजनिक जागी त्रास देणाऱ्या अनोळखी माणसाला ‘तू’ न म्हणता ‘तुम्ही’ म्हणायचे. ‘सोड मला’ ऐकले की आजूबाजूच्यांना नवरा-बायकोचे किंवा भावंडांचे भांडण वाटते आणि ते मान फिरवतात. ‘मी तुम्हाला ओळखत नाही, मागे सरका’ ऐकले की तो परका आहे हे सर्वांना कळते. लोकलच्या गर्दीत त्याला कपड्यांवरून हाक मारायची, म्हणजे ‘निळा चौकड्यांचा शर्ट, हात बाजूला घ्या’. त्याने दोन गोष्टी साधतात: बघ्यांची नजर नेमक्या माणसावर जाते आणि गर्दीत मिसळून निसटणे त्याला अवघड होते.

शरीराचा भाग दुसऱ्या रविवारी सुरू झाला आणि तो समाधानकारक होता. मनगट पकडले गेले तर पकडीतील सर्वांत कमकुवत जागा म्हणजे अंगठा आणि बोटे यांच्यामधील फट. आपले मनगट आडवे न ठेवता त्याची अरुंद कड त्या फटीकडे वळवायची, कोपर पोटाशी आणायचे आणि हिसका द्यायचा. एकसष्ट वर्षांच्या बाईंनी माझी पकड तिसऱ्या प्रयत्नात सोडवली, आणि मी मुद्दाम ढील दिली नव्हती. बंद मुठीऐवजी तळहाताच्या मनगटाकडील भागाने मारायचे, कारण सवय नसलेल्या मुठीत हाताची लहान हाडे आधी आपलीच मोडतात. बोटांच्या मध्ये किल्ल्या धरण्याचा सल्ला समाजमाध्यमांवर वारंवार फिरतो. तो येथे सरळ खोडून काढला गेला, कारण किल्ली घसरून आपल्याच बोटांत रुतते. वेणी धरली गेली तर डोके ओढून घ्यायचे नाही, उलट त्याचा हात दोन्ही हातांनी आपल्या डोक्यावर घट्ट दाबून ठेवायचा आणि मग वळायचे. याशिवाय नडगी, गुडघा, पायाचा चवडा, जांघ आणि डोळे ही लक्ष्ये, आणि प्रत्येक वारानंतर थांबून न पाहता पळायचे, हे इतक्या वेळा घोटून घेतले की शेवटी आमच्यातली अकरावीची मुलगी कंटाळून ते म्हणून दाखवू लागली.

तिसऱ्या रविवारी रोजच्या कपड्यांत यायला सांगितले होते. साडी, खांद्यावर पर्स, हातात डबा आणि पायात सॅंडल असताना मागे सरकणेसुद्धा वेगळे असते. दोन्ही खांद्यांवर पिना लावलेली ओढणी मागून ओढली गेली की ती गळ्यालाच आवळते. पिना नसत्या तर ती सहज सोडून देता येते, हे मला त्याच दिवशी कळले. पर्सच्या तळाशी ठेवलेला मिरीचा फवारा किती उपयोगाचा, हे तपासण्यासाठी प्रत्येकीला तो बाहेर काढायला सांगितले; माझा चष्म्याच्या घराखाली सापडला आणि त्याची मुदत आठ महिन्यांपूर्वी संपलेली होती.

अंग गोठून जाण्याबद्दल प्रशिक्षिका सविस्तर बोलल्या, हे विशेष नोंदवण्याजोगे आहे. स्वीडनमध्ये 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बलात्कारानंतर उपचारासाठी आलेल्या 298 स्त्रियांपैकी 70 टक्के स्त्रियांनी हल्ल्याच्या वेळी हालचाल जवळजवळ थांबल्याचे सांगितले होते. ‘तू ओरडली का नाहीस’ या प्रश्नाला हे उत्तर आहे, आणि स्वसंरक्षणाच्या वर्गात ते सांगितले गेले नाही तर असा वर्ग नकळत पीडितेलाच दोष देऊ लागतो.

आता उणिवा. पहिली आणि गंभीर उणीव कायद्याच्या सत्रातली. वाटलेल्या पत्रकात विनयभंगासाठी कलम 354 आणि पाठलागासाठी 354 ड अशी भारतीय दंड संहितेची कलमे छापलेली होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि त्यानंतरच्या गुन्ह्यांना तिची कलमे 74 आणि 78 लागू होतात. स्वतःच्या बचावाच्या हक्काची कलमे 34 ते 44 आहेत. त्यांतील कलम 38 बलात्कार, अपहरण किंवा आम्लहल्ल्याच्या हेतूने होणाऱ्या हल्ल्यात हा हक्क हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंत पोहोचू शकतो असे सांगते, तर कलम 37 गरजेपेक्षा जास्त इजा करू नये अशी मर्यादा घालते. याविषयी पत्रकात एक ओळही नव्हती. घटना कुठेही घडली तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवता येते, हेही एका सहभागी वकील बाईंनी उठून सांगितले तेव्हा कळले. आणीबाणीच्या 112 क्रमांकाबद्दल मात्र माहिती चोख होती. फोनच्या बनावटीप्रमाणे बाजूचे बटण तीन किंवा पाच वेळा दाबल्यास मदतीचा फोन लागतो, साध्या फोनवर 5 किंवा 9 दाबून धरायचे, आणि रेल्वेत 139. प्रत्येकीच्या फोनमधील ही सोय तिथल्या तिथे तपासून दिली गेली.

दुसरी उणीव सरावाची. आम्ही एकमेकींवरच हात आजमावत होतो आणि मैत्रिणीची पकड कितीही घट्ट असली तरी ती मैत्रिणीचीच असते. अंगावर जाड संरक्षक कवच घातलेला, वजनदार, खरोखर न सोडणारा साथीदार एका सत्रापुरता तरी आणायला हवा होता. जमिनीवर पडल्यावर पाय हल्लेखोराकडे ठेवून लाथा मारण्याचा भाग शेवटच्या चाळीस मिनिटांत उरकला गेला, आणि गुडघेदुखी असणाऱ्यांसाठी त्यात कोणताही पर्याय नव्हता. वर्ग संपल्यावर उजळणीचीही सोय नाही.

तरीही मी हा वर्ग करावा असेच म्हणेन, आणि त्याचे कारण त्याचे बारा तास हे आहे. कॅनडातील तीन विद्यापीठांत झालेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तीन-तीन तासांच्या चार सत्रांचे प्रशिक्षण मिळालेल्या विद्यार्थिनींच्या गटात पुढील वर्षभरात बलात्काराचे प्रमाण 5.2 टक्के होते, तर केवळ माहितीपत्रके मिळालेल्या गटात ते 9.8 टक्के. तेथेही भर धोका ओळखण्यावर आणि ओळखीच्या माणसाला नकार देण्यावर होता. मार्चमधल्या दोन तासांच्या शिबिरात ही दोन्ही कामे उरकत नाहीत, म्हणून कार्यालयाने पुढच्या वर्षी तेच पुन्हा ठरवले तर मी हात वर करून विरोध करणार आहे.

उजळणीसाठी आम्ही चौघी आता शनिवारी संध्याकाळी त्या शिक्षिका बाईंच्या सोसायटीच्या गच्चीवर जमतो. पहिल्याच शनिवारी बाईंनी ‘मी तुम्हाला ओळखत नाही, मागे सरका’ असे घशाच्या शिरा ताणून म्हटले, तेव्हा खालचा वॉचमन काठी घेऊन चार मजले धावत वर आला होता.