कॉर्नफ्लेक्स: नामांकित कंपनीचे की दुकानाचे स्वतःचे?

दादरच्या एखाद्या सुपरमार्केटमध्ये कॉर्नफ्लेक्सची दोन खोकी शेजारी मांडलेली दिसतात: एक नामांकित कंपनीचे, दुसरे दुकानाच्याच नावाचे आणि स्वस्त. मका दोन्हींत शिजवून, लाटून, भाजलेलाच असतो; फरक पडतो तो खर्चात. कंपनीला जाहिरात, वितरकाचे कमिशन आणि नजरेसमोरच्या फळीवरची जागा यांचे पैसे मोजावे लागतात, तर दुकानाकडे फळी आणि गिऱ्हाईक दोन्ही आयतेच असल्यामुळे कमी किमतीतही त्याचा नफा सुटतो. तरीही कंपनी तग धरते, कारण मुले खोक्यावरचे चित्र पाहून हट्ट धरतात. ही तटबंदी अभेद्य मात्र नाही: अमेरिकेत १९९६ साली ‘पोस्ट’ या कॉर्नफ्लेक्ससारखी न्याहारी विकणाऱ्या कंपनीने किमती सुमारे २० टक्क्यांनी उतरवल्यावर केलॉगलाही काही महिन्यांत तोच मार्ग धरावा लागला. आपल्याकडे १९९० च्या दशकात आलेल्या केलॉगला खरी टक्कर दिली ती कांदेपोह्यांनी (आणि गरम दूध ओतून फ्लेक्सचा लगदा करण्याच्या आपल्या सवयीने!). साध्या फ्लेक्ससाठी मला दुकानाचा माल पुरेसा वाटतो. चॉकलेटच्या प्रकारांत मात्र कंपनीच वरचढ ठरते, आणि तिची खरी कमाईही तिथेच असावी.