चमच्याने भरवायचं की बाळाच्या हातात द्यायचं?

बाळ सहा महिन्यांचं व्हायला आलं की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, सगळं शिजवून, घोटून चमच्याने भरवा. दुसरा म्हणतो, मऊ शिजवलेल्या भाजीचा लांबट तुकडा हातात द्या, बाळ आपलं आपण खाईल. या दुसऱ्या पद्धतीला ‘बेबी-लेड वीनिंग’ म्हणतात. दोन्हीकडची मंडळी इतक्या ठामपणे बोलतात की नवख्या आईबापांना वाटतं, निवड चुकली तर मुलाचं खाणं कायमचं बिघडणार. तसं होत नाही. पण फरक आहेत.

वेळ दोन्हींची जवळपास एकच. जागतिक आरोग्य संघटना सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचं अन्न सुरू करायला सांगते. मान स्थिर हवी, थोड्या आधाराने बसता यायला हवं, तोंडात घातलेलं जिभेने बाहेर ढकलणं थांबायला हवं. हातात तुकडा द्यायचा तर आणखी एक अट: वस्तू पकडून नेमकी तोंडात नेता आली पाहिजे. सहा महिन्यांच्या सगळ्याच बाळांना हे जमत नाही. चमचा तोवर थांबून राहत नाही, हा त्याचा पहिला फायदा.

घशात अडकण्याची भीती

बहुतेकांचा निर्णय इथेच होतो. आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. बाळाला उबळ येते, चेहरा लाल होतो, खोकल्याचा आवाज येतो, घास बाहेर पडतो: हे शरीराचं संरक्षण आहे. या वयात उबळ आणणारी जागा जिभेवर बरीच पुढे असते, म्हणून ती चटकन येते. खरं गुदमरणं बहुधा शांत असतं. आवाज फुटत नाही, श्वास जात नाही, ओठ निळसर पडू लागतात. अशा वेळी एक वर्षाखालच्या बाळाला डोकं खाली ठेवून पाठीवर पाच थापा आणि मग उताणं करून छातीवर पाच दाब देतात. कोणतीही पद्धत निवडा, भरवणाऱ्या प्रत्येकाने हे आधी प्रत्यक्ष शिकून घ्यावं. नुसता व्हिडिओ बघणं पुरेसं नाही.

न्यूझीलंडमध्ये सुमारे २०० बाळांवर झालेल्या एका चाचणीत दोन्ही पद्धतींची तुलना झाली. गुदमरण्याबद्दलचे तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. गुदमरण्याच्या प्रसंगांत लक्षणीय फरक आढळला नाही. हाताने खाणाऱ्या बाळांना सहाव्या महिन्यात उबळ जास्त वेळा आली, आठव्या महिन्यात मात्र चमच्याच्या बाळांपेक्षा कमी. पण त्या पालकांना काय द्यायचं आणि काय टाळायचं याचं नीट मार्गदर्शन मिळालं होतं. ‘द्या हातात काहीही, शिकेल’ ही पद्धत त्या चाचणीने तपासलेलीच नाही. दुसरी गोष्ट माझ्या मते जास्त महत्त्वाची: धोकादायक पदार्थ दोन्ही गटांतल्या बाळांपुढे येतच होते. अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचे किंवा सफरचंदाचे तुकडे, अख्खे दाणे, पॉपकॉर्न हे खरे गुन्हेगार आहेत. द्राक्ष द्यायचंच तर उभं चिरून चार फोडी करा. हातात द्यायचा तुकडा आपल्या दोन बोटांत सहज चिरडला गेला पाहिजे.

लोह आणि पोट

जन्मताना मिळालेला लोहाचा साठा साधारण सहाव्या महिन्यापर्यंत संपत येतो आणि आईच्या दुधात लोह फार कमी असतं. म्हणून पहिल्या अन्नाचं मुख्य काम पोट भरण्याआधी लोह पुरवणं हे आहे. इथे चमच्याचं पारडं जड आहे. घोटलेली डाळ, कुस्करलेलं अंडं, बारीक केलेलं मांस किंवा लोहयुक्त शिशुआहार थेट पोटात जातो. हातातल्या पद्धतीत पालक सोपं म्हणून शिजवलेलं गाजर आणि केळं देत राहतात. बाळ मजेत खातं, पण लोह जवळजवळ नसतंच. वरच्या चाचणीत हाताने खाणाऱ्यांचं लोह कमी पडलं नाही, कारण प्रत्येक जेवणात लोहाचा एक पदार्थ ठेवायला पालकांना सांगितलं होतं. डाळीसोबत आंबट फळ दिलं तर त्यातलं लोह जास्त शोषलं जातं.

चमच्यावाल्यांची चूक वेगळी असते: पातळपणा. बाळाचं पोट वजनाच्या दर किलोमागे सुमारे ३० मिलिलिटर. आठ किलोच्या बाळाला एका वेळी साधारण २४० मिलिलिटर मावतं, त्यातही दूध हवंच. सहा ते आठ महिन्यांत वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरी लागतात. पाणीदार पेजेने पोट भरतं, ऊर्जा मिळत नाही. चमचा तिरका केल्यावर ओघळणार नाही इतकं घट्ट हवं, वर थोडं तूप किंवा तेल.

चावणं

घोटलेलं अन्न महिनोन्महिने चालू ठेवणं, हा चमच्याचा खरा तोटा. नऊ-दहा महिन्यांनंतर पहिल्यांदा गोळे-तुकडे खाणारी मुलं पुढे खाण्याच्या बाबतीत जास्त हट्टी निघाल्याचं दीर्घ अभ्यासांत दिसलं आहे. आठव्या महिन्यापर्यंत कुस्करलेलं, मग बारीक तुकडे, असं पुढे सरकलंच पाहिजे. हाताने खाणाऱ्या बाळाला हा टप्पा वेगळा गाठावा लागत नाही. चोखून खायच्या तयार पिशव्या दोघांच्याही उपयोगाच्या नाहीत: चावणं नाही, चमचा नाही, बहुतेकदा नुसता फळांचा गोडवा.

हाताने खाणारं मूल पोट भरलं की आपणच थांबतं, म्हणून जाड होत नाही, हा दावा त्याच चाचणीत टिकला नाही. दोन वर्षांच्या वयात दोन्ही गटांच्या वजनात फरक नव्हता. बाळाने मान वळवली, तोंड मिटलं की चमचा खाली ठेवणारा माणूसही पोट भरल्यावर थांबणं साधतोच.

ॲलर्जीच्या बाबतीत पद्धतीने फरक पडत नाही. अंडं आणि शेंगदाणा लांबणीवर टाकू नका. शेंगदाणा अख्खा नको, त्याचं लोणी पातळ करून द्या. तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मध, वरून मीठ आणि साखर बाळ वर्षाचं होईपर्यंत तरी नाही.

पसारा? हाताच्या पद्धतीत प्रचंड.

माझी निवड विचाराल तर: सुरुवात चमच्याने, आणि बाळाला पकड जमली की त्याच जेवणात बाजूला एक मऊ तुकडा. वजन नीट वाढत असेल, घरात तीनही वेळा शांतपणे समोर बसणारं कुणी असेल, तर फक्त हाताची पद्धतही चालेल. वेळेआधी जन्मलेलं बाळ, मंदावलेलं वजन किंवा गिळण्याची अडचण असेल तर चमचाच, तोही डॉक्टरांना विचारून. आणि दिवसा बाळ दुसऱ्या कुणाकडे राहत असेल, तर त्या व्यक्तीला जी पद्धत न घाबरता जमते, तीच दिवसाची ठेवा; तुकड्यांचा सराव संध्याकाळी तुम्ही घ्या.