ट्रोलिंगचा पाण्याखालचा कॅमेरा: चित्र झकास, झाकणातली रिंग रद्दी

ट्रोलिंगमध्ये, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढत मासेमारी करताना, मासा ल्युअरच्या (नकली आमिषाच्या) मागे आला, बराच वेळ पोहला आणि न खाता परत गेला, हे बोटीवरून कधीच कळत नाही. ते कळावं म्हणूनच तंगूस आणि लीडरच्या (ल्युअरकडच्या शेवटच्या मजबूत दोरीच्या) मध्ये अडकवून मागे ओढायचा कॅमेरा घेतला. बरेच महिने वापरून झाला. रिझोल्यूशन, कार्ड, वजन हे सगळं खोक्यावर छापलेलं असतं, ते इथे लिहीत नाही. मला लिहायचंय मागच्या झाकणातल्या, पाणी अडवणाऱ्या रबरी ओ-रिंगबद्दल.

झालं असं की एका सफरीचं चित्रण सुरुवातीला स्वच्छ होतं, मग काचेवर आतून धुकं चढत गेलं आणि फाइल मध्येच तुटली. झाकण उघडलं तर आत खारं पाणी, चार्जिंगच्या पिना हिरव्या पडलेल्या. दरवेळी खोबण पुसून, रिंगला सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवून, केस किंवा मिठाचा कण अडकलेला नाही हे बघूनच झाकण लावत आलोय. रिंग काढून बोटांत धरली तेव्हा कारण समजलं. तिचा काप गोल राहिलाच नव्हता, दोन्ही बाजूंनी चपटी होऊन बसली होती. काही महिन्यांत अशी बसणारी रिंग म्हणजे हलकं रबर, दुसरं काही नाही.

सर्व्हिस सेंटरने सांगितलं, पाणी शिरलेला कॅमेरा वॉरंटीत येत नाही. समुद्रात ओढण्यासाठी बनवलेल्या वस्तूच्या वॉरंटीत समुद्राचं पाणीच बसत नसेल तर ती वॉरंटी नेमकी कशासाठी, हे मी तीन वेगवेगळ्या माणसांना विचारलं. मग नवं कारण आलं: तुम्ही वेगात ओढला, त्यामुळे दाब वाढला.

हा हिशोब मी मांडून पाठवला, इथेही देतो, कारण हेच उत्तर इतरांनाही मिळेल. ७ नॉटने ओढलं तर सेकंदाला ३.६ मीटर. या वेगाने पाणी समोरून आदळल्यावर जो जास्तीचा दाब पडतो तो साधारण ६६ सेंटिमीटर खोलीइतका. वाहू माशासाठी १५ नॉटने ओढलं तरी जेमतेम ३ मीटर खोलीइतका. कॅमेरा स्वतः पृष्ठभागाखाली दोन-तीन मीटरवर चालतो. खोक्यावर मात्र १०० मीटर लिहिलेलं आहे. आणखी एक गोष्ट त्यांना ठाऊक असायलाच हवी होती. ओ-रिंग बाहेरच्या दाबानेच खोबणीत घट्ट रेटली जाते, त्यामुळे चपटी झालेली रिंग खोल पाण्यापेक्षा उथळ पाण्यातच लवकर गळते. वर लाटेगणिक दोरीला बसणारे हिसके आहेतच.

रिंग सुटी द्या म्हटलं तर सुटी मिळत नाही, पूर्ण झाकण घ्यावं लागतं, आणि झाकण शिल्लक नाही. एवढ्याशा रबरासाठी अख्खं यंत्र भंगारात काढायचं, हे माझ्या हिशोबात बसत नाही. खूप पत्रव्यवहारानंतर निम्म्या किमतीत दुसरा कॅमेरा मिळाला. तो पाण्यात टाकण्याआधी जुन्या सुस्थितीतल्या भागांवरून आणि नव्या रिंगवरून व्हर्नियरने माप घेतलं: आतला व्यास आणि रबराची जाडी. ही मापं ठरावीक प्रमाणात येतात, हायड्रॉलिकच्या सामानात तशीच नायट्राइल रबराची रिंग मिळाली. मूठभर घेऊन ठेवल्यात. रिंग सिलिकॉनची घेतलीत तर तिला सिलिकॉन ग्रीस लावू नका, ती फुगते. तेव्हापासून आत थेंब नाही. झाकण फक्त सावलीत, कोरड्या हाताने लावतो आणि आत सिलिका जेलची छोटी पुडी ठेवतो. दमट हवा आत कोंडली गेली तर गळती नसतानाही काचेवर धुकं येतं.

एवढं भांडूनही दुसरा कॅमेरा का घेतला, हे आता सांगतो. आधी वाटायचं, दिवसभर एकही झडप नाही म्हणजे खाली मासा नाही. चित्रणाने हे साफ खोडून काढलं. मासे येतात. एक सेलफिश स्कर्टवाल्या (झालर लावलेल्या) ल्युअरच्या मागे कितीतरी वेळ होता, अंगावरचे निळे पट्टे पेटवत, विझवत, चोच ल्युअरच्या बाजूला नेत. वर रॉडचं टोक तसूभरही हललं नव्हतं. ल्युअर पृष्ठभागावर येऊन हवा घेऊन बुडाला की मागे बुडबुड्यांची लांब शेपटी तयार होते, आणि मासा जवळ यायचा तो बहुतेक वेळा त्याच क्षणी. ल्युअर पाण्याखालीच राहिला, बुडबुडे संपले, की तो मागे पडायचा. त्यानंतर मी रंग बदलत बसणं सोडलं आणि ल्युअर लाटेच्या कोणत्या उतारावर चालतोय ते बघायला लागलो.

डोराडो माशाचं वेगळंच दिसलं. सेलफिश ताशी ११० किलोमीटर जातो वगैरे आकडे खरे नाहीत. २०१६ च्या एका अभ्यासात स्नायूंच्या आकुंचनावरून कमाल वेगाचा अंदाज काढला होता: सेलफिश सेकंदाला सुमारे ८.३ मीटर, डोराडो सुमारे ४. म्हणजे ७ नॉटला सेलफिश आरामात सोबत राहतो आणि डोराडो जवळजवळ जीव तोडून पोहत असतो. चित्रात तसंच दिसतं, त्याची शेपटी थांबतच नाही. डोराडो मागे दिसायला लागल्यापासून मी वेग थोडा उतरवतो.

चित्राबद्दल दोनच गोष्टी. १२० अंशांची लेन्स सपाट काचेमागून पाण्यात सुमारे ८० अंशच बघते, त्यामुळे बाजूने येणारा मासा अचानक उगवल्यासारखा वाटतो. आणि लाल रंग पाणी सर्वांत आधी शोषतं. पाचेक मीटरपलीकडून बघितलं तर लाल ल्युअर काळपट दिसतो, कॅमेऱ्याला दोष देऊ नका. थेट चित्र बोटीवर दिसेल अशी आशाही नको. वायफायच्या लहरी खाऱ्या पाण्यातून जात नाहीत.

एका बाबतीत माझं मत पूर्ण बदललं. सुरुवातीला कॅमेरा गळ असलेल्या दोरीवरच लावायचो. पण कॅमेऱ्यावरची पाण्याची ओढ वेगाच्या वर्गाने वाढते, वेग दुप्पट तर ओढ चौपट, आणि हलक्या रिळाचा ड्रॅग (दोरी सुटण्यावरचा ब्रेक) कॅमेराच खाऊन टाकतो. मोठा त्रास शेवटी होतो. कॅमेरा रॉडच्या कड्यांतून जात नाही, म्हणून तो टोकाला येऊन अडकला की उरलेला लीडर हातानेच ओढावा लागतो. मोठा मार्लिन मासा बोटीच्या कडेला उसळत असताना ते धोक्याचं आहे. आता कॅमेरा गळ नसलेल्या टीझरच्या (माशाला फक्त जवळ बोलावणाऱ्या आमिषाच्या) दोरीवर असतो, जाड दोरी, दोन्ही बाजूंना बॉल बेअरिंगचं स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी), ल्युअर कॅमेऱ्यापासून दोन मीटरवर. मासा टीझरवर येतो, दिसतो, आणि गळाचा ल्युअर बाजूलाच मोकळा पोहत असतो. पहिल्या दिवसापासून असंच लावायला हवं, असं माहितीपुस्तिकेत कुठेही लिहिलेलं नाही.