शिकायला गेलो आणि हमाली करून आलो

'नकाशावर न सापडणाऱ्या डोंगरांत, वर्गाबाहेरचं पर्यटन शिक्षण.' एका खासगी कंपनीच्या शिबिराच्या जाहिरातीतल्या या एका ओळीला मी भुललो. २१ दिवसांत ट्रेकचं नेतृत्व, नकाशावाचन, प्रथमोपचार, गावातल्या घरगुती मुक्कामांचं नियोजन आणि शेवटी 'आंतरराष्ट्रीय मान्यता' असलेलं प्रमाणपत्र. पर्यटनाची पदवी घेऊनही तंबूची खुंटी धड ठोकता येत नाही, ही बोच होतीच. सगळे पैसे आगाऊ भरले.

पहिल्या संध्याकाळी नकाशा मागितला, तर शिबिराचे प्रमुख हसून म्हणाले, "इथे नकाशे चालत नाहीत, पाय चालतात." आम्ही सहाही विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. आज आठवलं की कानशिलं तापतात.

दुसऱ्या दिवशी १९ जणांचा गट आला. ते गिऱ्हाईक होते, आमच्यासारखेच पैसे भरून आलेले. मग आमची वाटणी झाली: दोघे स्वयंपाकाला, दोघे तंबूंना, दोघे रांगेच्या शेवटी, मागे पडणाऱ्यांना सांभाळायला. यातली मेख अशी की शेपटाला चालणं हे खरंच शिकण्याचं काम आहे. कोण दमलंय, कोण पाणी पीत नाही, कोणाचा बूट चावतोय, हे तिथूनच दिसतं. पण काय बघायचं ते कोणीतरी दाखवायला हवं ना? आमच्या पाठीवर आपल्या सॅकवर दुसऱ्याची सॅक चढली, आणि तक्रार केली की एकच उत्तर, "प्रॅक्टिकल आहे हे."

चौथ्या दिवशी आम्ही २,७०० मीटरवरून थेट ३,८०० मीटरवर मुक्कामाला गेलो. ३,००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. तिथे मात्र तोंड उघडलं नाही. प्रमुखांना जास्त कळतं, असं वाटलं.

रात्री गटातल्या एकाचं डोकं ठणकू लागलं, उलट्या झाल्या. मग तो तंबूबाहेर आला तो झोकांड्या देत, आणि आपण कुठे आहोत हेही त्याला सांगता येईना. अशा उंचीवर तोल जाणं आणि बरळणं म्हणजे मेंदूला सूज आल्याची शक्यता, त्याला ताबडतोब खाली न्यायचं असतं. प्रमुख म्हणाले, "पित्त झालंय, झोपू दे." ऑक्सिमीटर होता, त्यात सेल नव्हते. शेवटी सामान वाहणाऱ्या गावातल्या एका काकांनीच त्याला काखेत धरलं आणि मला म्हणाले, "बॅटरी घे, उतरायचं." पहाटेपर्यंत खूप खाली आलो, तेव्हा त्याने स्वतःहून पाणी मागितलं. २१ दिवसांत मी काही शिकलो असेन तर ते त्या काकांकडून. त्यांची मजुरी थकलेली होती, हे नंतर समजलं. ज्या घरी आम्ही राहायचो तिथल्या आजींनीही मला हळूच विचारलं, "बाळा, मागच्या गटाचे पैसे कधी येणार रे?" 'स्थानिकांना रोजगार' हे त्यांच्या माहितीपत्रकातलं सगळ्यात मोठं अक्षर होतं.

प्रमाणपत्रावर पर्वतीय मार्गदर्शकांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचं, आयएफएमजीएचं, बोधचिन्ह होतं. घरी येऊन शोधलं. १९६५ साली स्थापन झालेल्या या महासंघाचे सदस्य म्हणजे वेगवेगळ्या देशांच्या मार्गदर्शक संघटना. तिथला मार्गदर्शक व्हायला कित्येक वर्षं घासावी लागतात, आणि एखाद्या खासगी कंपनीच्या तीन आठवड्यांच्या शिबिराला तो मान्यता देत बसत नाही. सदस्यांची यादी उघडी आहे. मला ती पाहायला जेमतेम पाच मिनिटं लागली, फक्त पैसे भरल्यावर.

अनवट प्रदेश हाच त्यांचा खरा धंदा आहे, असं आता मला वाटतं. प्रसिद्ध वाटेवर दहा जणांचे दिवसवार कार्यक्रम शेजारी ठेवून बघता येतात. सगळे जिथे तीन दिवस घेतात तिथे हा एकच का, हे लगेच डोळ्यांत येतं. इथे ताडून बघायला दुसरं कोणी नाही. तरी एक करता येतं: प्रत्येक मुक्कामाचं ठिकाण लेखी मागायचं, उपग्रह नकाशावर त्याची उंची बघायची आणि आकडे एकाखाली एक लिहायचे. लेखी द्यायला कुरकुर झाली तर तिथेच थांबा. शिकवणारे किती आणि त्याच दिवसांत गिऱ्हाइकांचा गट आहे का, हेही विचारा. विमा किती मीटरपर्यंत लागू आहे तेही वाचा, कारण बऱ्याच प्रवास विम्यांना उंचीची मर्यादा असते. माझ्या विम्याची मर्यादा ३,००० मीटर होती.

पैसे परत मागितले. त्यांनी पहिल्या दिवशी सही घेतलेल्या कागदाचा फोटो पाठवला. आठव्या कलमात लिहिलं होतं, 'सहभागी शिबिरकाळात स्वेच्छेने विनामोबदला सेवा देईल.' सही माझीच आहे. आता ग्राहक तक्रार केली आहे, आणि बाकीच्या पाचांपैकी तिघे सोबत आहेत. त्यांच्या नव्या जाहिरातीत दोन सॅक पाठीवर घेतलेला जो हसरा मुलगा दिसतो, तो मी आहे.