बी बामच्या नावाखाली २,४२६ रुपयांची दीपमाळ

फोनवरून रोपं मागवणाऱ्या हौशी मंडळींनी हे वाचाच. जूनमध्ये मी बी बामची, म्हणजे तुळशीच्या कुळातल्या एका अमेरिकन फुलझाडाची, चार रोपं मागवली. एक ३४९ रुपयांना, म्हणजे १,३९६. पार्सलचे १८०. वर "अमेरिकेचा माल आहे, क्वारंटाइनचा कागद लागतो" म्हणून ८५०. एकूण २,४२६ रुपये, यूपीआयने, आगाऊ. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

मी बागेत नवखी नाही. माहेर दिंडोरीचं, द्राक्षाचं. रोपं विकणारा म्हणाला, "ताई, याला भुरी लवकर पडते, दाटीत लावू नका, हवा खेळती ठेवा." भुरी म्हणजे पानांवर पांढरी भुकटी धरणारी बुरशी, द्राक्षावरही पडते ती, आणि हे अगदी खरं आहे. भुरीबद्दल असं नेमकं बोलणारा माणूस द्राक्षवाल्यांच्या लेकीला लबाड कसा वाटावा? देठ चौकोनी असतो म्हणाला, तर देठही चौकोनीच निघाले. तुळशीच्या कुळात बहुतेकांचे तसेच असतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

कळायला हवं होतं ते पानापाशी. खोकं उघडलं तेव्हाच मी एक पान चुरगाळलं होतं. बी बामच्या पानाला ओव्याच्या अंगाने जाणारा उग्र वास असतो, अमेरिकेत त्याचा चहा करतात. माझ्या बोटांना नुसता ओल्या पाल्याचा वास. पानही रुंद, बदामी. खऱ्याचं लांबट, टोकदार, कातरलेल्या कडांचं. लगेच फोन लावला. "ताई, प्रवासाने रोप दमलंय. फुलावर आलं की वास सुटेल." रोपं खरोखरच माना टाकून आली होती, कुणालाही पटलं असतं! वास नसेल तर रोप त्याच दिवशी परत करा, बहराची वाट बघू नका.

पाऊस सरल्यावर फुलं आली. नारिंगी, मखमली, काटेरी गोंड्यांतून, एकावर एक. शेजारचे काका गॅलरीतूनच म्हणाले, "अहो, ही तर दीपमाळ! रस्त्याच्या कडेला पडीक जागेत माजलेली असते." आणि तिला मी गांडूळखत घालत होते.

पोलीस ठाण्यात गेले. "झाडं मिळाली ना? मग फसवणूक कसली?" एकाने तर बाम डोक्याला लावायचा का म्हणून विचारलं, सगळे हसले. कृषी खात्याच्या कार्यालयात सांगितलं, शोभेची झाडं आमच्याकडे येत नाहीत. बँकेत, पिन तुम्हीच टाकलाय. पक्कं बिल कुठाय, असं एक साहेब विचारतात. पक्कं बिल देणारा फसवेल कशाला? परदेशातून रोपं आणायला आयात परवाना आणि तिकडच्या सरकारचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. माझ्या ८५० रुपयांच्या कागदावर ना देशाचं नाव, ना झाडाचं, नुसता निळा शिक्का. तो कागद एकानेही हातात घेतला नाही. प्रत्येक टेबलावर तेच, "ऑनलाइन तक्रार करा." केली. पैसे गेल्या गेल्या १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, फुलं येईपर्यंत थांबलात तर तो पैसा कुठल्या कुठे गेलेला असतो. पार्सल फोडताना व्हिडिओ काढा. आणि बी बाम नाशिकच्या मे महिन्यातही बहरतो असं कुणी सांगितलं तर तिथेच फोन ठेवा, ते थंड हवेचं झाड आहे.

तक्रारीवर अजून "प्रक्रियेत" एवढंच दिसतं. त्या माणसाचा नंबर मात्र चालू आहे. परवा त्याच्या स्टेटसला लॅव्हेंडर होतं, ३९९ रुपये, मोजकीच रोपं शिल्लक.