फॅफ्साचे सहाशे डॉलर

माझ्याकडे एक पावती आहे. छापील, वर लोगो वगैरे. तिच्यातली एक ओळ अशी: 'फॅफ्सा भरणे, ६०० डॉलर'. ती मी फ्रीजवर चुंबकाने लावून ठेवली आहे. नवऱ्याला ते आवडत नाही, येणारेजाणारे वाचतात म्हणतो. वाचू देत.

फॅफ्सा म्हणजे शिक्षणासाठी अमेरिकन सरकारकडे मदत मागायचा अर्ज. तो अमेरिकेच्या नागरिकांसाठी, ग्रीन कार्डवाल्यांसाठी आणि आणखी मोजक्या लोकांसाठी असतो. आमची लेक मिसिसागात जन्मली, कॅनडाची नागरिक. तिला तो भरताच येत नाही. आणि ज्यांना भरता येतो त्यांना तो फुकट असतो! म्हणजे जो अर्ज आमच्यासाठी नव्हता आणि ज्याला दमडी पडत नाही, त्याचे आम्ही सहाशे डॉलर मोजले. वर 'थँक यू दादा' म्हणालो.

दादा म्हणजे मुलांना अमेरिकेतल्या विद्यापीठांत प्रवेश मिळवून देतो म्हणणारे सल्लागार. त्यांची ओळख गणपतीत झाली. आरती संपून जेवणाच्या रांगेत उभे होतो. माझं माहेर साताऱ्याचं हे कळल्यावर म्हणाले, "मग काय वहिनी, आपण एकाच मातीतले." दुसऱ्या रविवारी घरी आले ते कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन. फोनवर मुलांची प्रवेशपत्रं दाखवली; नावं झाकलेली, विद्यापीठांची चिन्हं मात्र ठळक. कॅनडाच्या मुलांसाठी तिकडे 'वेगळा कोटा' असतो, तो कसा वापरायचा हे फार थोड्यांना माहीत आहे, असं त्यांनी सांगितलं. असा कोटा नसतो. तिकडे बहुतेक ठिकाणी कॅनडाचा विद्यार्थी परदेशीच धरतात, दिल्लीचा किंवा सोलचा असतो तसा.

मला जरा शंका आली होती, खोटं कशाला बोलू. मी २०१९ च्या त्या अमेरिकन विद्यापीठ-प्रवेश घोटाळ्याचा विषय काढला. रिक सिंगर नावाच्या सल्लागाराने श्रीमंतांच्या मुलांना खोट्या खेळाडूपणावर आणि परीक्षेत फेरफार करून आत घुसवलं होतं. त्यात व्हँकुव्हरच्या एका उद्योजकालाही शिक्षा झाली, कारण त्याच्या मुलांच्या नावाने एसएटी या प्रवेशपरीक्षेला भलताच माणूस बसला होता. दादा हसले. "तो लाच देत होता वहिनी. आपण फक्त मुलाला नीट सादर करतो." चोर स्वतःच दुसऱ्या चोराला नावं ठेवायला लागला की माणूस निर्धास्त होतो, तसं माझं झालं.

करार आमच्याच डायनिंग टेबलवर झाला. साडेचार हजार तिथल्या तिथे, ई-ट्रान्सफरने. कार्ड चालणार नाही म्हणाले, 'मशीन बँकेत अडकलंय'. कार्डाने दिले असते तर बँकेकडे तक्रार करून परत मागायची थोडी तरी सोय होती. आपण स्वतः बटण दाबून पाठवलेली ई-ट्रान्सफर समोरच्याच्या खात्यात जमा झाली की संपलं. बँकेतली मुलगी मला हे फार गोड शब्दांत म्हणाली.

मग पावतीवरच्या बाकीच्या ओळी येत गेल्या. 'निबंध पॅकेज', २४०० डॉलर. 'गुणपत्रिका रूपांतर', ४०० डॉलर: आमच्या ऑन्टारिओ प्रांतातले टक्के अमेरिकेला कळत नाहीत, जीपीएत, म्हणजे तिकडच्या गुणांकात, बदलून द्यावे लागतात म्हणे. खरं तर गुणपत्रिका शाळा थेट पाठवते आणि तिकडचे लोक आपले टक्के वर्षानुवर्षं वाचत आलेत. 'एफ-१ व्हिसा स्लॉट आणि मुलाखत', ९०० डॉलर. कॅनडाच्या नागरिकाला विद्यार्थी म्हणून जायला व्हिसाचा शिक्का लागत नाही. विद्यापीठाकडून आय-२० हे प्रवेशाचं प्रमाणपत्र घ्यायचं, सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची, ३५० अमेरिकन डॉलर फी भरायची आणि सरहद्दीवर कागद दाखवायचे. तुम्ही अजून भारतीय पासपोर्टवर पीआर, म्हणजे कॅनडाचे कायम रहिवासी, असाल तर मात्र व्हिसा लागतो. दादांनी आमचे पासपोर्ट पाहिलेसुद्धा नव्हते.

एकूण ८८०० डॉलर. पण त्यांनी आम्हाला ज्या खड्ड्याच्या काठावर नेलं होतं, त्यापुढे हे काहीच नाही.

तिकडच्या नामवंत खासगी विद्यापीठांचा राहण्या-जेवणासकट खर्च वर्षाला ऐंशी हजार अमेरिकन डॉलरच्या वर जातो. आम्ही दोघं नोकरदार, हे झेपणारं नव्हतंच. दादा म्हणाले, "फॉर्मवर मदत नको असं टिक करा. आधी आत जाऊ, मग मागू." आम्हाला ते शहाणपणाचं वाटलं. आता कळतं की बऱ्याच विद्यापीठांत परदेशी मुलाने अर्ज करताना मदत मागितली नाही तर पुढची चारही वर्षं मागता येत नाही. म्हणजे आत गेलो असतो तर घर विकून. आणि मदत मागितल्याने सगळीकडेच नुकसान होतं असंही नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट ही परदेशी मुलांचाही प्रवेश ठरवताना आईबापांची ऐपत बघत नाहीत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ कॅनडा आणि मेक्सिकोच्या मुलांना या बाबतीत अमेरिकन मुलांच्याच रांगेत धरतं. इतर अनेक ठिकाणी मात्र परदेशी मुलाने मदत मागितली की प्रवेशावर परिणाम होतो. हा फरक प्रत्येक विद्यापीठाच्या स्वतःच्या पानावर उघड लिहिलेला असतो. मदतीसाठी बहुतेकदा जे भरावं लागतं त्या सीएसएस प्रोफाइलचं नावही दादांच्या तोंडून कधी आलं नाही. त्याला पहिल्या विद्यापीठासाठी २५ अमेरिकन डॉलर पडतात, पुढच्या प्रत्येकासाठी १६.

हे सगळं बाहेर आलं ते शाळेतल्या गायडन्स काउन्सेलरमुळे. मी त्या बाईंना कधी भेटलेच नव्हते. इतक्या पोरांना सांभाळणारी फुकटची बाई, तिला अमेरिकेतलं काय कळणार, असं मनात होतं. ऑक्टोबर संपत आला होता. त्यांचा फोन आला: "तुमच्या मुलीच्या कॉमन अॅपवर अर्ली डिसिजनचा करार आलाय. मला सही करायची आहे. तुम्हाला माहीत आहे ना, हा बांधून घेणारा करार आहे?"

कॉमन अॅप म्हणजे अनेक अमेरिकन विद्यापीठांसाठी एकच ऑनलाइन अर्ज. अर्ली डिसिजन म्हणजे एकाच विद्यापीठाला दिलेला शब्द: घेतलंत तर येईन, बाकीचे अर्ज मागे घेईन. त्यावर मुलाची, पालकाची आणि काउन्सेलरची सही लागते. पालकाची सही झालेली होती. ती मी केली नव्हती, नवऱ्यानेही नाही. माझ्या नावाचा एक ईमेल पत्ता दादांनीच उघडला होता. कॉमन अॅपचा पासवर्डही त्यांच्याकडेच होता, 'चुकून काही बदलू नये म्हणून'.

मुदत १ नोव्हेंबरची, हातात चार दिवस. लेकीने पासवर्ड रीसेट केला आणि आम्ही तिघं स्वयंपाकघरात उभे राहून तिचाच अर्ज पहिल्यांदा वाचायला लागलो. उपक्रमांच्या यादीत पहिलंच: माण तालुक्यातल्या दुष्काळी गावांत पाणी प्रकल्पाची संस्थापक, तीन वर्षं, अमुक इतक्या विहिरींचा गाळ उपसला. मग निबंध. त्यात ती कोरड्या विहिरीच्या काठावर बसून एका म्हातारीचे भेगाळलेले हात हातात घेते. लेक मोठ्याने वाचत होती, मध्येच थांबली. "आई, आपण साताऱ्याला शौनकच्या मुंजीला गेलो होतो ना? अकरा दिवस?" मी हो म्हटलं. "मला जुलाब झाले होते."

हसू आलं आणि लगेच पोटात गोळाही आला. खोटं उघडकीला आलं तर दिलेला प्रवेश काढून घेतात. नाव तिचं, सही तिची. दादांचं नाव त्या अर्जात कुठेच नव्हतं. तिला सर्वात जास्त लागलं ते वेगळंच. ती दोन वर्षं शनिवार-रविवार टिम हॉर्टन्स या कॉफीच्या दुकानात ड्राइव्ह-थ्रूच्या खिडकीत काम करत होती. दादांनी ते यादीतून उडवलं होतं, 'इम्प्रेशन पडत नाही' म्हणून.

तो अर्ज आम्ही पाठवला नाही. ती काउन्सेलर बाईंबरोबर बसली, निबंध नव्याने लिहिला, पहाटे साडेपाचला डबल-डबल कॉफी मागणाऱ्या ट्रकवाल्यांवर. जानेवारीच्या मुदतीत चार ठिकाणी अर्ज केले. दोन नकार, एक प्रतीक्षायादी, एका ठिकाणी प्रवेश पण मदत नाही. ती आता वॉटर्लू विद्यापीठात आहे आणि खूश आहे. ऑन्टारिओच्या विद्यापीठांसाठीचा ओयूएसीचा अर्जही बाईंनी आठवण केली म्हणून वेळेत गेला. दादांनी तो 'प्लॅन बी' म्हणून बाजूला ठेवायला लावला होता.

पैसे मागितले तेव्हा दादा आधी 'सेवा दिली आहे' म्हणाले, मग फोन घेईनासे झाले. ऑन्टारिओत घरी बसून केलेला असा करार दहा दिवसांत काही कारण न देता मोडता येतो. आम्हाला ते दहा महिन्यांनी कळलं. पण खोटं सांगून करार करून घेतला असेल तर वर्षभरात तो रद्द करायची नोटीस देता येते, ती आम्ही रजिस्टर्ड पोस्टाने धाडली. कॅनेडियन अँटी-फ्रॉड सेंटरकडे तक्रार नोंदवली. मग दादांचा निरोप आला: दीड हजार परत देतो, फक्त 'याबद्दल कुणाशी बोलणार नाही' अशा कागदावर सही करा. नवरा तयार होता. मी नव्हते, म्हणून हे लिहिते आहे. स्मॉल क्लेम्स कोर्टात, म्हणजे लहान रकमांच्या न्यायालयात, दावा लावलाय, तारखेची वाट बघतोय.

परवा ब्रॅम्प्टनहून एका मैत्रिणीचा फोन आला. तिच्या मुलाच्या बारावीचं वर्ष. दादा पेढे घेऊन येऊन गेलेत. फॅफ्साचे साडेसातशे सांगितलेत.